हवेचा रोध नगण्य माना

एका ८० मीटर उंच इमारतीच्या गच्चीवरून एक दगड खाली सोडला. तो किती वेळात जमिनीवर पोहोचेल आणि आपटताना त्याचा वेग किती असेल? (जी = १० मीटर प्रति सेकंद वर्ग घ्या. हवेचा रोध नगण्य माना.)

शाळेत विज्ञान शिकलेल्या बहुतेकांनी हे गणित कधी ना कधी सोडवलेलं असतं. अंतर म्हणजे अर्धा गुणिले जी गुणिले वेळेचा वर्ग. ८० = ५ × वेळ², म्हणून वेळ ४ सेकंद. वेग म्हणजे जी गुणिले वेळ, म्हणून ४० मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी १४४ किलोमीटर. उत्तराखाली दोन रेघा मारायच्या आणि पुढच्या गणिताकडे वळायचं. मुक्त पतनाची गणितं मार्क मिळवून देणारी असतात. तीन समीकरणं पाठ असली आणि वर-खालीच्या चिन्हांचा घोळ झाला नाही, की काम झालं.

माझं म्हणणं मात्र समीकरणांबद्दल नाही, त्या शेवटच्या कंसाबद्दल आहे. 'नगण्य माना' ही आज्ञा आहे. ती कोण देतं, कुणाला देतं आणि ती पाळल्यावर आपण खरं बोलतो की खोटं, हा प्रश्न भौतिकशास्त्राच्या तासाला कुणी विचारत नाही. विचारला तर मार्क मिळत नाहीत. पण ही आज्ञा आपण आयुष्यभर पाळत राहतो आणि नोकरीला लागलो की ती दुसऱ्यांना द्यायलाही लागतो.

माझा मामेभाऊ दहावीत आहे. गेल्या सुट्टीत तो अशीच गणितं सोडवत बसला होता. मध्येच थांबून म्हणाला, "ताई, पण हवा तर असतेच ना! मग पुस्तकात खोटं का लिहितात?" मी म्हटलं, "खोटं नाही रे, सोपं करून लिहितात." त्यावर त्याचा पुढचा प्रश्न तयार होता, "मग सोपं आणि खोटं यात फरक काय?"

हा प्रश्न दहावीच्या अभ्यासक्रमाबाहेरचा आहे. म्हणूनच तो नीट सोडवून बघावासा वाटला.

*

आधी हवेकडे बघू. ८० मीटरवरून साधारण तीनशे ग्रॅमचा गोल गोटा सोडला, तर हवेसकट हिशोब केल्यावर त्याला जवळपास ४.२ सेकंद लागतात आणि खाली येईपर्यंत त्याचा वेग ३६ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास असतो. पुस्तकातलं उत्तर ४ आणि ४०. म्हणजे पुस्तक चुकलं, पण फार नाही. वहीतल्या उत्तरासाठी एवढी चूक चालून जाते.

आता दगडाच्या जागी पावसाचा थेंब घ्या. तो २ किलोमीटर उंचीवरच्या ढगातून निघाला असं समजू. हवेचा रोध नगण्य मानला तर जमिनीवर येताना त्याचा वेग निघतो २०० मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ७२० किलोमीटर. विमानाच्या वेगाच्या जवळपास! प्रत्यक्षात दोन मिलिमीटर व्यासाचा थेंब सहा-सात मीटर प्रति सेकंद वेगाने खाली येतो, आणि मोठ्यात मोठा थेंबही नऊच्या आसपास. खाली येता येता हवेचा विरोध थेंबाच्या वजनाइतका होतो, मग वेग वाढायचा थांबतो. या वेगाला अंतिम वेग म्हणतात. पुस्तकातल्या समीकरणाप्रमाणे पाऊस पडला असता, तर प्रत्येक थेंबाची ऊर्जा आजच्या सुमारे ९०० पट झाली असती आणि जून महिन्यात घराबाहेर पडायची कुणाची हिंमत झाली नसती. आपण पावसात भिजू शकतो ते त्या 'नगण्य' हवेमुळे.

पावसाळ्यात नाणेघाटात गेलेल्यांनी तर याहून पुढची गोष्ट पाहिली असेल. कड्यावरून खाली निघालेलं पाणी वारा उलट वर फेकतो. लोक त्याला उलटा धबधबा म्हणतात. तिथे उभं राहून हवेचा रोध नगण्य माना असं कुणी म्हटलं, तर चेहऱ्यावर उडणारं पाणीच त्याला उत्तर देईल.

समीकरण तेच, हवाही तीच. गोट्याच्या बाबतीत कंसातली आज्ञा चालते, थेंबाच्या बाबतीत ती हास्यास्पद होते. म्हणजे 'नगण्य' हा हवेचा गुण नाही. कोणती वस्तू, किती उंचीवरून आणि तुम्हाला काय जाणून घ्यायचं आहे, यावर तो ठरतो. नगण्य ही वस्तुस्थिती नसून निर्णय आहे. आणि निर्णय म्हटला की त्याची जबाबदारी कुणाची तरी असतेच.

*

हा निर्णय पहिल्यांदा जाणीवपूर्वक घेणाऱ्यांत गॅलिलिओ होता. पिसाच्या मनोऱ्यावरून त्याने गोळे टाकल्याची गोष्ट त्याचा शिष्य विव्हियानी याने नंतर लिहिलेल्या चरित्रातून आली आणि तसं खरंच घडलं का, याबद्दल इतिहासकारांना शंका आहे. पण गॅलिलिओच्या स्वतःच्या पुस्तकांत या विषयावरचे दोन प्रसंग आहेत आणि ते मनोऱ्यापेक्षा जास्त कामाचे आहेत.

पहिला १६३२च्या 'संवाद' या ग्रंथातला. तिथे एक पात्र हरकत घेतं, की भूमितीतले नियम कागदावर ठीक, प्रत्यक्ष वस्तूंना ते लागू पडत नाहीत. त्यावर दुसरं पात्र व्यापाऱ्याचा दाखला देतं. साखर, रेशीम, लोकर यांचा हिशोब करणारा माणूस खोकी आणि गाठोडी यांचं वजन वजा करतो. तसंच गणिती माणसानेही वस्तूतला अडथळा वजा करावा. चूक होते ती भूमितीची नाही, वजाबाकी न येणाऱ्या हिशोबनिसाची.

हा दाखला आपल्याकडच्या कुठल्याही बाजार समितीत लगेच कळेल. बारदानाचं वजन वजा केल्याशिवाय मालाचं वजन कळत नाही. ती वजाबाकी प्रामाणिकच आहे. पण त्याच बाजारात आणखी एक शब्द आहे, कडता. ओलावा, माती, घट अशा नावांखाली शेतकऱ्याच्या मालाच्या वजनातून कापलेला भाग. बारदान आणि कडता, दोन्ही वजाबाक्याच. मग फरक कशात? बारदान डोळ्यांसमोर असतं, त्याचं वजन तोलून बघता येतं आणि त्याबद्दल दोन्ही बाजूंची संमती असते. कडता एका बाजूने ठरवलेला असतो आणि दुसऱ्या बाजूच्या खिशातून जातो.

सोपं आणि खोटं यातला फरक मला इथे सापडतो. पुस्तकातलं गणित खोटं नाही, कारण आपण काय वजा केलं ते त्याने कंसात लिहून ठेवलं आहे. तो कंस म्हणजे बारदानाची पावती. पावती दाखवून वजा केलं तर ते सोपं करणं. पावती न देता वजा केलं आणि राहिलेल्यालाच 'सगळं' म्हटलं, तर ते खोटं.

दुसरा प्रसंग १६३८च्या ग्रंथातला. शंभर हात उंचीवरून एक जड आणि एक हलका गोळा एकदम सोडले, तर ऍरिस्टॉटलच्या म्हणण्याप्रमाणे जड गोळा जमिनीवर पोहोचेपर्यंत हलका एक हातही खाली आलेला नसायला हवा. गॅलिलिओचं पात्र म्हणतं, दोन्ही एकदमच पोहोचतात. प्रयोग केल्यावर जड गोळा दोन बोटं पुढे राहतो. मग ते पात्र विरोधकाला बजावतं, की माझ्या या दोन बोटांच्या आड ऍरिस्टॉटलचे नव्व्याण्णव हात लपवू नका.

हा इशारा आजही तितकाच लागू आहे. 'शास्त्रज्ञांचं भाकीत थोडं चुकलं, म्हणजे विज्ञानच थोतांड' असे फॉरवर्ड रोज येतात. दोन बोटं दाखवून नव्व्याण्णव हात लपवण्याचाच हा प्रकार. 'वास्तव फार गुंतागुंतीचं असतं' एवढंच म्हणून कुठलंच उत्तर न देणारा माणूसही मला फार प्रामाणिक वाटत नाही. हवा, वारा, आर्द्रता, दगडाचा खडबडीतपणा हे सगळं धरल्याशिवाय मी बोलणारच नाही, असं म्हणणाऱ्याकडून दगड कधी खाली येणार ते आपल्याला कधीच कळणार नाही. काहीतरी सोडून दिल्याशिवाय विचारच करता येत नाही. त्यामुळे सोडावं की नाही हा प्रश्न उरत नाही. काय सोडलं, किती सोडलं आणि त्याची किंमत कोण देणार, हे प्रश्न उरतात.

*

किंमत कोण देणार, हा प्रश्न इंजिनिअरिंगला शिकवतात, फक्त त्याला नैतिक प्रश्न म्हणत नाहीत. चूक सुरक्षित बाजूला ठेवा, असं म्हणतात.

विसाव्या मजल्यावर, म्हणजे साधारण ६० मीटरवर काम चालू आहे आणि अर्धा किलोचा हातोडा हातातून निसटला. पुस्तकी गणिताने तो साडेतीन सेकंदांत खाली येईल, ताशी १२५ किलोमीटर वेगाने. ऊर्जा ३०० जूल. तीस किलोचं पोतं एक मीटरवरून डोक्यात पडण्याइतकी. हवा धरली तर वेग थोडा कमी आणि वेळ किंचित जास्त. म्हणजे हवा नगण्य मानल्याने आपण धोका वाढवून सांगितला. खाली उभ्या असलेल्या मजुराच्या दृष्टीने ही चूक त्याच्या बाजूची आहे. इथे नगण्य मानायला माझी काहीच हरकत नाही.

आता हातोड्याऐवजी प्लायवूडचा तुकडा निसटला. त्याच गणिताने तो सरळ खाली येईल, म्हणून इमारतीच्या पायथ्याशी थोड्या जागेत पत्रे लावले की झालं. पण प्लायवूड सरळ येत नाही. तो गिरक्या घेत, वाऱ्यावर सरकत पत्र्यांच्या पलीकडे रस्त्यावर जाऊन पडू शकतो. इथे हवा नगण्य मानण्याची किंमत रस्त्यावरून जाणारा देतो, आणि त्याला आपण कुठल्या गणितात आहोत हेच माहीत नसतं.

गणित तेच, वजाबाकीही तीच, पण एकदा चूक माणसाला वाचवते आणि एकदा त्याच्यावर पडते. म्हणून 'चूक किती टक्के?' एवढं विचारून भागत नाही. 'चूक कुणावर?' हेही विचारावं लागतं.

*

मी सॉफ्टवेअर लिहिते. आमच्याकडे दगड पडत नाहीत, पण 'नगण्य माना' दिवसातून दहा वेळा ऐकू येतं. त्याला आम्ही एज केस म्हणतो. एज केस म्हणजे कडेला असलेला, म्हणून नंतर बघू असा प्रकार.

मध्यंतरी आमच्या टीममध्ये ओटीपीवर चर्चा चालली होती. ओटीपी तीस सेकंदांत टाकला नाही तर रद्द करायचा, असा प्रस्ताव होता. ऑफिसात बसून तीस सेकंद भरपूर वाटतात. मेसेज दोन सेकंदांत येतो. चर्चेत टेस्टिंग करणारी एक मैत्रीण म्हणाली, "आमच्या गावात रेंज येते ती पाण्याच्या टाकीजवळ. फॉर्म भरायचा घरी, कारण आईची कागदपत्रं तिथे. ओटीपी घ्यायचा टाकीपाशी. तीस सेकंदांत माणूस टाकीपर्यंतही जात नाही." कुणीतरी म्हणालं, असे लोक अगदी थोडे असतील. दुसऱ्या बाजूचा मुद्दाही खोटा नव्हता. ओटीपी जितका जास्त वेळ चालू, तितका फसवणुकीला वाव जास्त. शेवटी पाच मिनिटांवर तडजोड झाली.

मला त्या चर्चेतला 'अगदी थोडे' हा शब्दप्रयोग लक्षात राहिला. समजा ते एक टक्का आहेत. एक टक्का चूक दहावीच्या वहीत कुणी बघतही नाही. पण एक कोटी लोक वापरत असलेल्या व्यवस्थेत एक टक्का म्हणजे एक लाख माणसं. टक्केवारी लहान राहते, माणसं लहान होत नाहीत.

आणि ही माणसं कोण, हे सहसा योगायोगाने ठरत नाही. रेशन दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनचं उदाहरण घ्या. बोटांवरच्या रेषा स्पष्ट असतात हे तिथलं गृहीतक. ज्यांनी आयुष्यभर विटा उचलल्या, माती खणली, भांडी घासली त्यांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या रेषा झिजलेल्या असतात. म्हणजे ज्यांना त्या धान्याची सगळ्यात जास्त गरज, त्यांच्याच बोटांवर गृहीतक फसतं. इथे पुस्तकासारखा कंस कुठे छापलेला नसतो. मशीन फक्त लाल दिवा दाखवतं आणि लाल दिव्यासमोर उभ्या माणसाला वाटतं, आपल्यातच काहीतरी खोट आहे.

'नगण्य' या शब्दाची फोड सोपी आहे. न गण्य, म्हणजे मोजण्यात न धरण्याजोगं. हवेला तसं म्हटलं तर हवा काही बोलत नाही. माणसांना तसं म्हटलं तर आपण त्यांची गणती करायला नकार देत असतो. हे शब्दाच्या अर्थातच आहे.

*

निर्वात पोकळीत सगळं सारखंच पडतं, हे आपण ऐकलेलं असतं. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५चा कमांडर डेव्हिड स्कॉट याने चंद्रावर उभं राहून एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचं पीस सोडलं. दोन्ही एकदमच खाली पडले. तो व्हिडिओ अजूनही बघताना अंगावर काटा येतो, कारण त्यात एक मोठं सत्य आहे. गुरुत्वाकर्षण कुणाला जास्त-कमी वेग देत नाही.

पण हे सत्य दिसण्यासाठी चंद्रावर जावं लागलं. पृथ्वीवर हातोडा आधी येतो.

प्रवेश परीक्षांबद्दल बोलताना आपण नेहमी चंद्रावरची भाषा बोलतो. पेपर सगळ्यांना एकच, वेळ सगळ्यांना एकच, मग जो पुढे गेला तो गुणवत्तेने गेला. पेपरात भेदभाव नाही, हे खरंच आहे. पण मुलं निर्वातात वाढत नाहीत. कुणाच्या घरी अभ्यासाला वेगळी खोली, कुणाच्या घरी संध्याकाळी पाणी भरायची पाळी. कुणाला इंग्रजी लहानपणापासून, कुणाला ते अकरावीत एकदम अंगावर आलेलं. कुणाची आडनावावरून चौकशी होत नाही, कुणाची वर्गात पहिल्याच दिवशी होते. हातोड्याला विचारलं तर तो म्हणेल, हवा? मला तर कधी जाणवली नाही. तो खोटं बोलत नाही. त्याच्यासाठी ती खरोखरच नगण्य आहे. फक्त ती त्याच्यापुरती नगण्य आहे, हे त्याला कळायला काही साधन नाही. ते त्याला पिसाकडूनच कळू शकतं.

इथे माझ्याच उपमेचीही पावती द्यायला हवी. माणसं पिसं नसतात आणि हातोडेही नसतात. ती ठरवतात, धडपडतात, वाऱ्याविरुद्ध जातात. आणि हवा सगळ्यांना फक्त अडवत नाही. पॅराशूट उघडलेल्या माणसाला तीच वाचवते. माझ्या उपमेने हे वजा केलं आहे.

*

नीतिशास्त्रातही मुक्त पतनाची गणितं असतात. फिलिपा फुट या तत्त्वज्ञ बाईंनी १९६७ साली एक प्रसंग मांडला. ब्रेक नसलेली ट्राम पाच माणसांवर चालली आहे, तुम्ही ती दुसऱ्या रुळावर वळवू शकता, पण तिथे एक माणूस आहे. पुढे ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन यांनी त्याला 'ट्रॉली प्रॉब्लेम' हे नाव दिलं. नंतर एमआयटीतल्या संशोधकांनी याच धर्तीवर 'मॉरल मशीन' नावाची वेबसाइट केली. चालकाविना चालणाऱ्या गाडीने कुणाला वाचवावं, यावर जगभरातून सुमारे ४ कोटी निर्णय गोळा झाले आणि निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले.

या कोड्यात हवा नाही. कोण मरणार हे तुम्हाला पक्कं ठाऊक असतं. रुळावरचा माणूस कुणाचा कोण, हे विचारायचं नसतं. गाडीचे ब्रेक का नाहीत, देखभालीचे पैसे कुणी वाचवले, हे तर अजिबातच विचारायचं नसतं. कोडं त्यामुळे निरुपयोगी ठरत नाही. एक विरुद्ध पाच हा ताण सुटा करून बघायला ते चांगलं आहे, जसं जी समजायला निर्वात चांगला. पण त्याचं उत्तर उचलून तसंच रस्त्यावर लावलं, की थेंब ताशी ७२० किलोमीटर वेगाने अंगावर येतो. प्रत्यक्षात आपल्यासमोर बहुतेक वेळा ट्राम नसतेच. एखादी मुदत, एखादा फॉर्म, एखादा नियम असतो आणि कुणाला मोजायचं नाही हे कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

मामेभावाला मी इतकं सगळं सांगितलं नाही. त्याची परीक्षा आहे. त्याला म्हटलं, हवेचा रोध नगण्य मान आणि गणित सोडव. फक्त तो कंस प्रत्येक वेळी वहीत उतरवून घे, पुस्तकात छापलेला असला तरी. त्याने विचारलं, "त्याचे मार्क असतात का?" मी म्हटलं, "नाही." तो जरा विचारात पडला, मग त्याने कंस लिहिला आणि पुढचं गणित काढलं. त्यात ४५ मीटर खोल विहिरीत दगड टाकला होता आणि डुबुक ऐकू यायला किती वेळ लागेल, असं विचारलं होतं. दगडाला ३ सेकंद. "आवाजाला वर यायला लागणारा वेळ धरायचा का?" त्याने विचारलं. पुस्तकात काहीच लिहिलेलं नव्हतं. आम्ही हिशोब केला, ४५ भागिले ३४०, साधारण ०.१३ सेकंद. आणि उलट बाजूने, ३.१३ सेकंद मोजून आवाजाचा वेळ सोडून दिला, तर विहीर ४९ मीटर खोल निघते, चार मीटर जास्त.

"मग चालेल की नाही?" तो म्हणाला.

मी त्याला विचारलं, खोली कुणाला सांगायची आहे? दोर विकत घेणाऱ्याला सांगायची असेल तर चालेल, दोर थोडा उरेल. विहिरीत पाणी किती वर आहे हे त्यावरून ठरवायचं असेल, तर नाही.